दुधात नसलेलं लोखंड

तुळजाबाई आमच्या दारात आली तेव्हा मी जुम्म्याच्या सुट्टीतला दुसरा चहा पीत बसलो होतो. पहिला चहा तल्लफ म्हणून प्यायचा आणि दुसरा आपण सरकारी मदरशात, म्हणजे शाळेत, इंग्रजीचे मास्तर आहोत म्हणून प्यायचा, असा माझा शिरस्ता होता. ती पायरीखालीच उभी राहिली. पदरात काहीतरी गुंडाळलेलं होतं. मला वाटलं वांगी असतील. तिनं पदर सोडला तर आतून पुस्तक निघालं. जाडजूड, निळ्या पुठ्ठ्याचं, इंग्रजी, आणि पुठ्ठ्यावर एक तुकतुकीत डुक्कर.

“मास्तर,” ती म्हणाली, “तुमाला इंग्रजी येतं म्हून आले. माजी लेकरं मरायलीत. ह्यात कुटं त्यांचं लिवलंय का, तेवडं बगा.”

तेव्हाच्या लातुरात इंग्रजी येणारी माणसं मोजकी. स्टेशनमास्तर, एक वकीलसाहेब आणि मी. स्टेशनमास्तर रजेवर होते आणि वकीलसाहेबांनी पुठ्ठा पाहूनच दार लावून घेतलं होतं, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मात्र मला वाटलं, सबंध गावात बाईनं मलाच निवडलं. मी चहा बाजूला ठेवला आणि पुस्तक हातात घेतलं. आतून आमच्या सौदामिनीचा आवाज आला, “अहो, ते निदान ओट्यावरच वाचा.”

तुळजाबाई स्टेशनच्या पलीकडे राहायची. डुकरं पाळायची. रेल्वेच्या साहेबाच्या बंगल्यावर ती जनावरं बघायला होती. साहेबाची बदली झाली तेव्हा त्यानं आपली विलायती, पांढरीशुभ्र डुकरीण आणि हे पुस्तक तिच्या हवाली केलं. डुकरीण तिला कळायची, पुस्तक कळायचं नव्हतं. अठरा दिवसांपूर्वी डुकरीण व्याली. अकरा पिल्लं.

“जल्मली तवा गुलाबाच्या पाकळीवाणी व्हती,” ती सांगत होती. “आता कागदावाणी पांढरी पडलीत. कानातून उजेड दिसतो, मास्तर. आयकडं धावली की धापा टाकत्यात. बरगडीत काळीज कसं उडतं बगा ह्यांचं. दोन गेली. नऊ राहिलीत.”

मी पानं उलटू लागलो. तोवर आमचे शेजारी अण्णाराव कडुलिंबाची काडी चावत येऊन उभे राहिले. अण्णाराव तहसिलीत पेशकार होते आणि आता निवृत्त होऊन सगळ्या गल्लीची पेशकारी करत. त्यांनी ऐकून घेतलं आणि निकाल दिला, “नजर लागली. पांढऱ्या जनावराला लागतेच. लिंबू उतरा.”

“उतरलं जी,” तुळजाबाई म्हणाली.

“मग हळद पाजा.”

“पाजली जी.”

“मग मास्तर वाचतायत ते ऐका,” अण्णाराव म्हणाले आणि ओट्यावर बसून घेतलं.

एकशे बाराव्या पानावर सापडलं. अगदी तिनं सांगितलं तसं: पांढरी त्वचा, धाप, बरगडीतली धडधड. अनीमिया असा शब्द होता. माझ्या डिक्शनरीत तो होता, पण माणसांसाठी होता. मी खाकरलो आणि वर्गात सांगतो तशा आवाजात सांगितलं, “रक्त फिकं पडतं. रक्ताला लोखंड लागतं. आणि डुकरिणीच्या दुधात बाकी सगळं असतं, लोखंड तेवढं नसतं.”

“दुधात लोखंड?” अण्णाराव हसले. “उद्या म्हणाल, ताकात खिळे असतात.”

तुळजाबाई हसली नाही. “मग आमच्या गावरान डुकरांच्या पिल्लांला कसं काय हुत न्हाई? त्यांच्या बी दुधात नसंल.”

हा प्रश्न माझ्या वर्गातल्या कुणी विचारला असता तर मी त्याला शाबासकी दिली असती. उत्तर पुढच्याच परिच्छेदात होतं. पिल्लं मातीत नाक खुपसतात, माती खातात, आणि मातीत लोखंड असतं. ज्यांना पक्क्या फरशीवर कोंडून ठेवलं, त्यांना ते मिळत नाही.

मी वाचून वर बघितलं तर तुळजाबाई मटकन खाली बसलेली.

“फरशी मीच घातली,” ती म्हणाली. “सायबाची डुकरीण, म्हून चिखलात ठिवायला मन धजलं न्हाई. रेल्वेच्या उरलेल्या शहाबादी फरश्या डोक्यावरून आणल्या. रोज दोनदा धुऊन काढते. मास्तर, मीच मारलं व्हय जी त्यांला?”

अण्णारावांची काडी तोंडातच राहिली. मी व्याकरणाचा माणूस, सांत्वनाचा नाही. तरी म्हणालो, “तुळजाबाई, पुस्तकात असं लिहिलंय की ज्यांची निगा फार चांगली राखतात त्यांनाच हे होतं.” असं पुस्तकात शब्दशः नव्हतं. पण अर्थ साधारण तोच निघत होता, आणि भाषांतरकाराला तेवढी मुभा असते.

उपाय दोन होते. एक, स्वच्छ मातीची ढेकळं पिल्लांपुढे टाकायची. दुसरा, लोखंडाचाच क्षार असलेला हिराकस पाण्यात विरघळवून, थोडी काकवी घालून, रोज डुकरिणीच्या सडांना लावायचा, म्हणजे पिताना पिल्लांच्या पोटात जातो. आता हिराकस म्हणजे माझा रोजचा सोबती. आमच्या मदरशाची शाई मीच करायचो. हिरडा उकळायचा, त्यात हिराकस टाकायचा, काळीकुट्ट शाई तयार. पण मदरशातला हिराकस सरकारी. त्याचा एक खडा मी डुकराला लावला आणि उद्या शाळेच्या मुआइन्याला तपासणीसाहेबानं विचारलं, की शाई कमी का, तर काय सांगणार?

म्हणून मी सरळमार्गी माणूस सरळ गुरांच्या दवाखान्यात गेलो. तिथे हिराकस मिळतो, हे मला ठाऊक होतं. तिथला कारकून, अहलकार शिवलिंग, माझा ओळखीचा. त्यानं अर्जाची छापील दरखास्त पुढे ठेवली. उर्दूत रकाने होते. गाय, बैल, म्हैस, घोडा, खेचर, उंट, शेळी, मेंढी.

“ह्यात आपलं जनावर नाही,” मी म्हणालो.

“नाही ना,” शिवलिंग म्हणाला. “आणि रकान्यात नसलेल्या जनावराला दवा देता येत नाही. कायदाच हाय तसा.”

“मग?”

“रंग?”

“पांढरा.”

“पाय?”

“चार.”

शिवलिंगनं टाक बुडवला. “घोडा लिहायलोय. पिल्लं म्हणजे शिंगरं. किती?”

“नऊ. पण शिवलिंग, हे खोटं...”

“मास्तर, मी जनावराच्या भल्यासाठी लिहितोय. तुम्ही फक्त खाली सही करा.”

मी सही केली. इंग्रजीत केली, म्हणजे निदान उर्दूतल्या खोट्याला माझी सही नाही, असं मनाला सांगितलं. हिराकसाची पुडी मिळाली. हिरवट, खडीसाखरेसारखे खडे.

घरी आल्यावर भांड्याचा प्रश्न उभा राहिला. सौदामिनी म्हणाली, “माझ्या स्वयंपाकघरातलं एकही भांडं मिळणार नाही,” आणि एवढं बोलून उंबऱ्यावर टेकली. त्या दिवसांत ती अशी मधेच कुठेही टेकायची. मी म्हणायचो, उन्हाळा आहे. मग मी मदरशातलं एक जुनं मडकं आणलं, त्यात चार तोळे हिराकस, शेरभर पाणी आणि काकवी घातली. मडकं हिरडा उकळायचं होतं, ही गोष्ट माझ्या ध्यानात होती. पण हिरडा आणि हिराकस एकत्र आले की काय होतं, हे बघणं ज्याचं रोजचं काम आहे, त्याच्याच ध्यानात ते त्या वेळी आलं नाही.

स्टेशनपलीकडे पोचेपर्यंत औषध काळंभोर झालं होतं. मला वाटलं, विलायती औषध, असा रंग असेल.

डुकरीण आडवी पडून पाजत होती. तुळजाबाईनं तिच्या कानामागे खाजवलं, मी शेरवानी आवरून उकिडवा बसलो आणि चिंधी बुडवून पहिल्या सडाला लावली. औषध थंड होतं. डुकरीण उठली. ती एकदम उठली, आणि मी ज्या बाजूला बसलो होतो त्या बाजूनं उठली. मडकं माझ्यावर, मी फरशीवर, आणि नुकतीच शिवलेली शेरवानी डुकरिणीच्या तोंडात. तुळजाबाईनं ती सोडवली तेव्हा मागचा घोळ राहिला नव्हता.

पांढरी डुकरीण पोटाखाली काळी झाली. पिल्लं पुन्हा प्यायला लागली आणि नऊच्या नऊ पिल्लांची तोंडं शाईत बुडवल्यासारखी झाली. आमच्या मदरशाची शाई पक्की म्हणून नावाजलेली. पंधरवडाभर पुरती निघाली नाही. मीही घरी आलो तो कोपरापर्यंत काळा. अण्णारावांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “अवधूतराव, लोखंड लावून आलात का खाणीत जाऊन आलात?” सौदामिनीनं मला मागच्या दारानं घेतलं, विहिरीवर बसवलं आणि दोन बादल्या पाणी डोक्यावर ओतलं. तिसरी तिनं अर्धी उचलली आणि खाली ठेवून कठड्याला टेकली. मी डोळ्यांतला साबण पुसत म्हटलं, उन्हाळा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर एक पिल्लू तुळजाबाईच्या मांडीवर होतं. सगळ्यात लहान. काळं तोंड, पांढरं अंग. तिनं त्याला लुगड्याच्या टोकात धरलं होतं आणि त्यात जीव नव्हता.

मी जागीच उभा राहिलो. “शाईनं का?”

“न्हाई जी, मास्तर,” ती म्हणाली. “हे कालच जायाचं व्हतं. तुमच्या गडबडीत आईला घट चिकटून बसलं, म्हून आज सकाळ बगितली त्यानं.” मग ते पिल्लू बाजूला ठेवून म्हणाली, “आट हाईत अजून. सांगा, आता कसं करायचं?”

तिच्या जागी मी असतो तर मास्तराला हाकलून दिलं असतं.

त्या दिवसापासून आम्ही कामं वाटून घेतली. नवं कोरं मडकं. हिराकस मी तोलायचा, कारण पुस्तकात बजावलं होतं की जास्त झाला तर विष होतो. औषध उन्हात कोमट करायचं. सडांना लावायचं तुळजाबाईनं, आणि मी पाच पावलांवर उभं राहून पुस्तक वाचायचं. काय वाचतो याला महत्त्व नव्हतं. डुकरीण माझ्या आवाजानं शांत पडायची. माझ्या वर्गातही तेच होतं, पण तिथे त्याचं मला वाईट वाटायचं.

मग मातीचा प्रश्न. अण्णारावांच्या मते काळी माती थंड पडते, लालच हवी, आणि ती अहमदपूरकडून आणावी. समोरचे आप्पासाहेब म्हणाले, वारुळाची हवी. तिसऱ्या कुणीतरी तांबडी काव सुचवली. पुस्तकात एवढंच होतं, की डुकरं जिथे फिरली नाहीत तिथली स्वच्छ माती. मी अंगणात हातात टोपली घेऊन तुळशीकडे पाहत उभा राहिलो. सौदामिनी दारातून पाहत होती.

“तुळशीला हात लावाल तर बघा,” ती म्हणाली. आणि जरा वेळानं, “जास्वंदीच्या आळ्यातली न्या. ती मी भुसभुशीत करून ठेवलीय.”

मी पाहिलं तर खरंच आळं उकरून ठेवलेलं होतं. दोन फुलं त्यात पडली होती, तीही टोपलीत गेली. पिल्लांनी पहिल्यांदा ती फुलं खाल्ली आणि मग मातीत अशी नाकं खुपसली, की तुळजाबाई तोंडाला पदर लावून हसली. मी तिला हसताना तोवर पाहिलं नव्हतं.

दहा दिवसांत फरक दिसायला लागला. मी रोज सकाळी शाळेआधी आणि संध्याकाळी शाळेनंतर जाऊन आठही पिल्लांचे कान उन्हासमोर धरून बघायचो. आज कालच्यापेक्षा गुलाबी आहे की नाही, ते वहीत टिपायचो. गल्लीत बोलबाला झाला. कुणी म्हणे, मास्तर धंदा काढणार. कुणी म्हणे, साहेबानं जाताना हुकूम देऊन ठेवलाय. मला मदरशात मुलं सरळ तोंडानं सलाम करीनात. पण खरं सांगतो, मला ते टोचत नव्हतं. मला कानांची काळजी होती.

आणि मग सरकारी इत्तला, म्हणजे लेखी सूचना, आली. तालुक्यात एकाच धन्याकडे नऊ पांढरी शिंगरं असल्याचं दरखास्तीवरून आढळून आल्यानं सलोतरी साहेब स्वतः मुआइन्यास येत आहेत.

मी शिवलिंगला गाठलं. तो म्हणाला, “मास्तर, मी काय करू? वरचे साहेब घोड्यांचे शौकीन हाईत. नऊ पांढरी एकदम म्हटल्यावर राहवलं न्हाई त्यांना.”

ठरल्या दिवशी सलोतरी साहेब, जनावरांचे डॉक्टर अमृतराव, घोड्यावरून आले. मागे शिवलिंग कागदांची मिसल घेऊन, त्याच्या मागे अण्णाराव, आणि अण्णारावांच्या मागे अर्धी गल्ली. घोळ नसलेली शेरवानी घालून मी खोपटाच्या दाराशी उभा होतो. अमृतराव गंभीर चेहऱ्याचे, मिशा पांढऱ्या. आत आले. आठ पिल्लं जास्वंदीच्या मातीत लोळत होती. त्यांची तोंडं अजून जरा निळसर होती.

अमृतरावांनी पिल्लं एकेक करून बोटानं मोजली. मी माझ्या नोकरीचा विचार करत होतो.

“मास्तर,” ते म्हणाले, “ही शिंगरं अंगानं जरा बुटकी वाटतात.”

“होय, साहेब.”

“दरखास्तीत नऊ आहेत. इथे आठ दिसतात. एक कुठंय?”

मी तुळजाबाईकडे पाहिलं. तुळजाबाईच म्हणाली, “ते गेलं, सायेब. त्याच्या आदी दोन गेली. ही जगवली.”

अमृतरावांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मग ते शेरवानीसकट फरशीवर गुडघ्यांवर बसले. एक पिल्लू उचललं, त्याच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं अलगद ओढली. “कान बघता होय? कान उशिरा सांगतात. इथं बघत जा. लाल हवं. हे बघा, आलंय लाल.” त्यांनी तुळजाबाईला जवळ बोलावून तिच्या अंगठ्यानं दुसऱ्या पिल्लाची पापणी ओढायला लावली. औषध कसं केलं, किती दिवस, माती कुठली, सगळं विचारलं, आणि ती सांगेल ते शिवलिंगला लिहून घ्यायला लावलं. शेवटी छापील दरखास्त मागून घेतली, शेळी-मेंढीच्या खाली स्वतःच्या टाकानं एक नवा रकाना आखला आणि त्यात आठ आकडा घातला.

“घोड्याचा नऊ खोडा,” ते शिवलिंगला म्हणाले. “आणि मास्तरांना पुन्हा घोड्याखाली सही करायला लावू नका. त्यांना घोडा ओळखता येत नाही.”

एवढ्यात सौदामिनी आली. ती तिथे कधी आली नव्हती. साहेब आले म्हणून तिनं चहा करून किटलीत घालून आणला होता. आमच्या घरापासून स्टेशनपलीकडे किती अंतर, दोन बाजारगल्ल्या आणि एक फाटक. ती दाराशी पोचली आणि खांबाला धरून उभी राहिली. बोलायला तोंड उघडलं, पण आधी श्वास घ्यावा लागला.

तुळजाबाई हातातलं पिल्लू खाली ठेवून उठली. हात लुगड्याला पुसले, पुन्हा पुसले. “बाई,” ती म्हणाली, “राग येऊ देऊ नका. जरा वर बगा.” आणि तिनं अंगठ्यानं माझ्या बायकोची पापणी खाली ओढली.

“मास्तर, हिकडं या. पुस्तक ठिवा ते.”

मी गेलो. आत पांढरं होतं. कागदासारखं.

पंधरा दिवस मी आठ डुकरांचे सोळा कान रोज दोनदा उन्हात धरून बघत होतो. त्याची वही होती माझ्याकडे. सौदामिनीनं बादली खाली ठेवलेली मी पाहिली होती, ती उंबऱ्यावर टेकलेली पाहिली होती, आणि म्हटलं होतं, उन्हाळा आहे.

  सौदामिनीनं माझ्याकडे पाहिलं, मग त्या मडक्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “आता मलापण रंगवणार का काय?”

सगळ्यात आधी अमृतराव हसले. मग सगळेच हसले. मी हसण्याचा प्रयत्न केला, पण नाक शिंकरावं लागलं.

दुसऱ्याच दिवशी तिला गुरुलिंगअप्पा वैद्यांकडे नेलं. त्यांनी नाडी पाहिली, नखं पाहिली, म्हणाले, पांडुरोग. लोखंडाचं मंडूर भस्म दिलं, ताकातून घ्यायला सांगितलं. मग मला विचारलं, “घरात पालेभाजी होते का?”

“रोज होते,” मी जरा फुशारकीनंच म्हणालो. “मेथी, राजगिरा, चवळाई.”

“तुम्हाला विचारलं नाही. ह्यांच्या पानात येते का?”

सौदामिनी खाली पाहत होती. मला ते माहीत नव्हतं. तिचं पान मी कधी पाहिलंच नव्हतं. माझं जेवण उरकून मी ओट्यावर आलो की आत ती जेवायची.

त्या संध्याकाळी मी पाटावर बसलो आणि दुसरा पाट शेजारी मांडला. ती म्हणाली, लोक काय म्हणतील. मी म्हणालो, लोकांनी मला शाईत बुडालेलं पाहिलंय. तिनं चुलीतली लाकडं मागे ओढली आणि मग आवरून बसली. दोन पानं वाढली गेली. माझ्या पानात मेथीचा ढीग, तिच्या पानात भाकरी, ठेचा आणि पातळ वरण.

“भाजी घे की.”

“आहे अजून पातेल्यात. तुम्ही जेवा.”

मी हात लांब करून पातेल्यावरचं झाकण उचललं. आत पळी होती, आणि पळीला चिकटलेली दोन पानं.

 माझ्या पानातली अर्धी मेथी बोटांनी ओढून तिच्या भाकरीवर ठेवली. ती नको नको म्हणाली. मग एक घास घेतला. मी तिच्याकडे बघत राहिलो.

“असं बघू नका हो,” ती हळूच म्हणाली. “घास उतरत नाही.”

मग मी मान खाली घातली, आणि आम्ही दोघं जेवलो.